रविवारची हद्द

पूर्व आशियातल्या दोन शेजारी देशांमधलं जुनं युद्ध सोमवार ते बुधवार एका तऱ्हेने झालेलं असतं, गुरुवार ते शनिवार दुसऱ्या तऱ्हेने, आणि रविवारी ते झालेलंच नसतं. देशांची नावं मी लिहीत नाही, कारण कोणाचं नाव आधी लिहायचं हा विषय अजून उपसमितीपुढे आहे.

ही व्यवस्था माझ्यामुळे झाली हे आधीच कबूल करतो. मी मनोहर उपळेकर, कऱ्हाडच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं मी भावाभावांचे आणि चुलत्या-पुतण्यांचे बांध मोजले. त्या दोन देशांना असा तटस्थ निरीक्षक हवा होता, ज्याला शेजाऱ्यांची भांडणं कळतात आणि त्यांच्या इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्या बाबतीत माझ्या तोडीचा उमेदवार त्यांना मिळाला नाही.

संयुक्त इतिहास आयोगाचं कार्यालय दोन देशांच्या मधल्या एका लहान बेटावर आहे. भोवतालच्या समुद्राला दोन नावं आहेत, म्हणून पत्रव्यवहारात त्याला ‘सदर पाणी’ म्हणतात. मी रुजू झालो तेव्हा बैठकांचं चौदावं वर्ष चालू होतं. एका बाजूला सचिव हान, दुसऱ्या बाजूला सचिव नोगुची. दोघेही सभ्य, दोघांचेही बूट चकचकीत, आणि दोघेही अकरा दिवस एका वाक्यावर अडलेले. खाणीत कामाला माणसं ‘नेली’ की माणसं ‘गेली’, हा मुद्दा होता.

चहाच्या वेळी मी सहज म्हणालो, “आमच्याकडे दोन भावांत एक विहीर असली की पाण्याची पाळी लावतात. तीन दिवस थोरल्याचं पाणी, तीन दिवस धाकट्याचं. रविवारी मोटार बंद.”

दोघांनी कप खाली ठेवले. संध्याकाळपर्यंत मसुदा तयार होता. मी पाण्याबद्दल बोललो होतो, त्यांनी ती पाळी इतिहासाला लावली. मला थांबवता आलं असतं. पण माझी सूचना कोणी इतक्या झटपट मान्य करण्याची सवय मला नव्हती, आणि मी सुखावलो.

करार चांगला चालला. गुरुवारी सकाळी संग्रहालयातले शिपाई फलक उलटे करत. पाठीमागे दुसरा मजकूर छापलेलाच होता. बुधवारचं उत्तर गुरुवारी लिहिणारी मुलं नापास होत. रविवारी संग्रहालयात युद्धच नसल्यामुळे मधला मोठा हॉल रिकामा असे आणि कर्मचारी तिथे बॅडमिंटन खेळत.

करारात माझ्यासाठी एक कलम होतं, सातवं. मी संकष्टी करतो. चतुर्थी कधी हे त्यांच्या कॅलेंडरवरून कळेना, तेव्हा मी हटून बसलो आणि ‘तटस्थ निरीक्षकाच्या निवासस्थानाच्या हद्दीत त्याच्या देशाचे वार, तिथी व सण लागू राहतील’ असं लिहून घेतलं. घरून आलेलं कॅलेंडर खोलीत खिळ्याला लटकवलं. नोगुचींनी त्याला लवून नमस्कार केला, कारण ती करारातली तरतूद होती.

संकष्टीमुळेच माझी बोक-रे आजींशी ओळख झाली. बोकरे हे आमच्याकडे आडनाव असतं, त्यामुळे नाव पहिल्या दिवशीच पाठ झालं. आजी नव्वदीच्या. धक्क्यावर पत्र्याच्या पिंपात निखाऱ्यांवर रताळी भाजून विकायच्या. उपासाला रताळं चालतं, म्हणून दर चतुर्थीला मी त्यांच्याकडे जायचो. त्यांची भाषा मला बाजारापुरती यायला लागली होती. त्या मला ‘मोजणीवाले’ म्हणत.

धक्क्यावर एक पुतळा आहे. आजींचा भाऊ मान-सू याचा. हानसाहेबांच्या सरकारने तो उभारला. छाती पुढे, मूठ वर, तोंड उघडं. सोमवार ते बुधवार मान-सूने खाणीतल्या मजुरांच्या उठावाचं नेतृत्व केलेलं असतं. गुरुवारी सकाळी पुतळ्यावर ताडपत्री टाकतात आणि संग्रहालयात त्याचा मोठा फोटो लावतात. खांद्यावर फावडं, चेहऱ्यावर रुंद हसू. गुरुवार ते शनिवार तो चांगल्या संधीच्या शोधात स्वखुशीने गेलेला असतो. ताडपत्री मग सोमवारीच निघते.

“मूठ कसली वर करतोय,” आजी एकदा रताळं सोलता सोलता म्हणाल्या. “कुत्रं भुंकलं की माझ्या मागे लपायचा. मी नऊ वर्षांची, तो एकोणीसचा.”

“आणि फोटोत?”

“पुढचा दात पडला होता त्याचा. लाजायचा. जन्मात कधी तोंड उघडून हसला नाही. त्या फोटोत बत्तीसच्या बत्तीस आहेत.”

मग त्यांनी मला ती सकाळ सांगितली. आदल्या संध्याकाळी मान-सूने त्यांच्या वाटणीचं अर्धं रताळं खाल्लं होतं. त्या रुसल्या होत्या. सकाळी माणसं आली, मान-सूला चल म्हणाली, आणि तो दारातून हाक मारत राहिला. बोक-रे पांघरुणातून बाहेर आल्या नाहीत. रताळ्याबद्दल तो चार दिवस माफी मागेल, मग आपण बोलू, असा त्यांचा हिशेब होता. तो परत आला नाही.

“दोन्ही सरकारं मला विचारतात, तो कसा गेला,” आजी म्हणाल्या. “मी बघितलंच नाही ना. मी रुसले होते.”

मी आणखी एक रताळं मागितलं.

पुढच्या आठवड्यात आजी अर्ज घेऊन कार्यालयात आल्या. अर्जावर पहिलाच रकाना असतो, ‘तक्रार कोणत्या दिवसांची’. सोमवार ते बुधवारचे अर्ज हानसाहेब घेतात, गुरुवार ते शनिवारचे नोगुचीसाहेब. आजींनी लिहिलं होतं, रविवार.

“रविवारची तक्रार होत नाही, आजी,” हान अदबीने म्हणाले. “रविवारी काही घडलेलंच नसतं.”

“मी तेच म्हणतेय. काही घडलेलं नसतं, तर माझा भाऊ घरी का नाही?”

हानसाहेबांनी नोगुचीसाहेबांकडे पाहिलं. नोगुचीसाहेबांनी कराराची प्रत काढली. पाळी लागू झाल्यापासून ते दोघे पहिल्यांदाच एकाच बाजूच्या बाकावर बसले. निरीक्षक म्हणून मी समोर होतो.

“रविवारी तो खाणीत मरण पावलेला आहे असं उत्तर दिलं,” नोगुची म्हणाले, “तर रविवारी खाण होती हे मान्य करावं लागेल.”

“आणि रविवारी तो जिवंत आहे असं लिहिलं, तर आमच्या पुतळ्याचं काय?”

“पुतळा सोमवार ते बुधवारचा आहे.”

“हो, पण हा रविवारी त्याच्या शेजारून चालत जाईल. लोक तुलना करतील.”

“ताडपत्री असते.”

“उंची कळते हो ताडपत्रीतूनही.”

खूप काथ्याकूट झाला. शेवटी कलमांप्रमाणे दुसरं काही निघेना, तेव्हा दोघांनी अर्जावर ‘मंजूर’ असा शिक्का मारला.

त्या रविवारी सकाळी दहाच्या बोटीने मान-सू आला. एकोणीस वर्षांचा, पुतळ्यापेक्षा हातभर बुटका, कोपरावर ठिगळ लावलेला सदरा. आजी धक्क्यावर उभ्या होत्या. त्याने त्यांना ओळखलं. रविवारी काहीच झालेलं नसल्यामुळे ओळखू न येण्याचं कारण नव्हतं.

“अजून रुसलीस?” त्याने विचारलं.

“नाही,” आजी म्हणाल्या. “उठले बघ.”

त्याने ताडपत्रीकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय झाकलंय?”

“दगड आहे,” आजी म्हणाल्या. “चल, जेवायला.”

संध्याकाळच्या बोटीने तो परत गेला. जाताना त्याने भाजलेलं रताळं मोडलं आणि मोठा तुकडा आजींना दिला. आजी बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभ्या राहिल्या. मीही उभा होतो. माझ्या पाळीच्या सूचनेतून एक तरी चांगली गोष्ट निघाली, म्हणून मला फार बरं वाटलं.

बातमी फुटली आणि महिन्याभरात चार हजार अर्ज आले, दोन्ही किनाऱ्यांवरून. नोगुचींच्या देशातल्या म्हाताऱ्याही अर्ज करत होत्या. त्यांच्याकडचीही माणसं गेली होतीच. बोटी भरून यायला लागल्या. कोणी तोतरा, कोणी टकला, एकजण उतरल्या उतरल्या बायकोशी भांडायला लागला. ज्यांचे पुतळे होते ते पुतळ्यांसारखे दिसत नव्हते, आणि ज्यांचे फोटो होते ते फोटोंसारखे हसत नव्हते. सोमवारी धक्का रिकामा असे. मग मुलं वर्गात विचारायला लागली, की ती माणसं आज कुठे आहेत. शिक्षक पुस्तकातला त्या दिवसाचा उतारा वाचून दाखवत. मुलं ऐकून घेत आणि पुन्हा तेच विचारत.

आयोगाची तातडीची बैठक झाली. नोगुचींनी ठराव मांडला, हानसाहेबांनी अनुमोदन दिलं: आठवडा सहा दिवसांचा करावा. शनिवारनंतर सोमवार. चौदा वर्षं अडून बसलेल्या त्या दोन देशांनी हा ठराव अकरा मिनिटांत एकमताने मंजूर केला. दोन्ही सचिवांनी हस्तांदोलन केलं, डोळे पुसले, फोटो काढला. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी ऐतिहासिक समेट म्हणून छापला.

साक्षीदार म्हणून सही माझी होती. निरीक्षकाला हरकत घेण्याचा अधिकार नाही असं कलम सहामध्ये होतं, आणि कलमाबाहेर जाण्याची मला सवय नाही. मी सही केली. मग खोलीवर आलो, पंखा लावला आणि पलंगावर बसून राहिलो. मला माझी लाज वाटली. समोर कॅलेंडर होतं. त्यात रविवार होता, लाल अक्षरात, दर आठवड्याला एक.

मी चपला घातल्या आणि धक्क्यावर गेलो.

“आजी,” मी म्हणालो, “माझ्या खोलीत अजून रविवार आहे.”

“केवढी आहे खोली?”

“दहा बाय बारा.”

आजींनी जरा विचार केला. “त्याला पुरेल,” त्या म्हणाल्या.

माझ्या कॅलेंडरप्रमाणे रविवार उजाडला, तेव्हा बाहेर सोमवार होता आणि पुतळ्यावरची ताडपत्री काढायचं काम चालू होतं. आजी रताळी घेऊन आल्या. दहा वाजता मान-सू माझ्या न्हाणीघरातून बाहेर आला, कारण दुसरीकडून यायला जागा नव्हती. त्याने दाराशी पाय पुसले. आम्ही तिघे सतरंजीवर बसून जेवलो. तो मला म्हणाला, तुमचा नळ गळतोय, आणि माझ्याच पान्ह्याने दुरुस्त करून दिला.

संध्याकाळी जायची वेळ झाली. आजी त्याला पोचवायला उठल्या, पण पोचवायचं कुठे? उंबऱ्यापलीकडे सोमवार होता. त्या न्हाणीघराच्या दाराशी चार पावलं गेल्या. त्याने मोठा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि आत गेला. आजी त्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

“बोट दिसायची मला,” त्या म्हणाल्या. “लांबपर्यंत दिसायची.”

बाहेर जिन्यावर सत्तर-ऐंशी म्हाताऱ्या बसल्या होत्या. दोन्ही देशांच्या, हातात डबे घेऊन. खोलीत फार तर अकरा माणसं मावली असती.

त्या रात्री मी नीट झोपलो, कारण काय करायचं ते ठरलं होतं. सकाळी करार पुन्हा वाचला. ‘निवासस्थानाच्या हद्दीत’ असं सातव्या कलमात होतं. हद्द कुठपर्यंत, हे कोणी लिहिलं नव्हतं. मोजणी खात्याच्या माणसाला हद्द न ठरवता खोली देणं ही त्या दोन देशांची चूक आहे, माझी नाही.

मी ट्रंकेतून मोजणीची साखळी काढली. चौतीस वर्षांत मी कोणाचा बांध बोटभरही सरकवला नव्हता, आणि तशी ऑफर पुष्कळ जणांनी दिली होती. पहिल्या आठवड्यात मी हद्दीचा दगड जिन्याखाली रोवला. दुसऱ्या आठवड्यात अंगणाच्या कोपऱ्यावर, तिसऱ्यात रस्त्यापलीकडे. म्हाताऱ्या साखळीचं दुसरं टोक धरत. आजी दगडांना चुना लावत. दहाव्या रविवारी शेवटचा दगड धक्क्याच्या टोकाला बसला. त्या दिवशी मान-सू बोटीने आला आणि बोटीने गेला, आणि आजींनी ती लांबपर्यंत पाहिली. पुतळा आमच्या हद्दीत आला होता. त्यावर कोणीतरी कपडे वाळत घातले होते.

दुसऱ्या दिवशी हान आणि नोगुची एकत्रच आले. हल्ली ते एकत्रच येतात.

“उपळेकरसाहेब, हे दगड कसले?”

“मोजणी चालू आहे,” मी म्हणालो.

“आमची हरकत आहे.”

“जरूर घ्या. पण हरकत मोजणी पूर्ण झाल्यावर नोंदवतात.”

ते नियमाने चालणारे लोक. दोघांनी वहीत तसं टिपून घेतलं, लवून नमस्कार केला आणि गेले. मी साखळी उचलली. आता ‘सदर पाणी’ मोजायला घ्यायचं आहे. आमच्याकडे मोजणी किती वर्षं चालते, याची त्यांना अजून कल्पना नाही.