रायफलीला लावायची एकच वस्तू

"एकच वस्तू," ब्रॉनविन म्हणाली. "रायफलीला लावायला काय वाट्टेल ते घे, पण एकच. त्या वस्तूला लागणारी दुसरी वस्तू आणि दुसरी बसवायला तिसरी, असलं काही मला ऐकवायचं नाही."

फर्गसने लगेच मान डोलावली. तो दुधाचा टँकर चालवायचा, घरातल्या धुण्याच्या मशीनने त्याच महिन्यात मान टाकली होती, आणि तरीही बायको रायफलीसाठी पैसे बाजूला काढून देत होती. अशा वेळी शहाणा नवरा तोंड उघडत नाही. आता प्रश्न एवढाच उरला, की कोणती वस्तू?

त्याने चार लोकांना विचारलं आणि तिथेच चुकला. साउथलंडमध्ये कुणाला त्याची तब्येत विचारली तर 'बरंय' याच्यापुढे उत्तर मिळत नाही, पण रायफलीचा विषय निघाला की मुक्यालाही वाचा फुटते. दुकानदार म्हणाला, आधी दुर्बीण बदल, ही तुझी दुर्बीण म्हणजे जॅमच्या बाटलीचं बूड आहे. डेअरीतला मित्र म्हणाला, दुर्बीण राहू दे, आधी सायलेन्सर घे, नाहीतर चाळिशीत बहिरा होशील. चुलतभावाचं म्हणणं, रायफल टेकवायला पुढे दोन पायांची घोडी हवी. हात हलत असताना भारी दुर्बिणीतून काय आपलीच थरथर मोठी करून बघणार? रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी त्याला बाजूला घेतलं, तेव्हा फर्गसला वाटलं, आता काहीतरी आत्म्याबद्दल बोलणार. ते कानाशी येऊन म्हणाले, "चाप हलका करून घे."

एरवी हा घोळ त्याने वर्षभर चघळला असता, पण एप्रिल तोंडावर आला होता. एप्रिलमध्ये तांबडी हरणं माजावर येतात, नर डोंगरातून डरकाळ्या फोडतात आणि निम्मा जिल्हा एकाच आठवड्यात आजारी पडून रजा टाकतो. सासरेबुवांना, म्हणजे क्लिफर्डना, यंदा सरकारी सोडतीत शिकारीला नदीपलीकडचा चांगला पट्टा आणि त्याचा परवाना लागला होता. दरवर्षी ते रॉस नावाच्या जुन्या मित्राबरोबर शिकारीला निघत आणि फर्गस मागून पातेली वाहत असे. लग्न झाल्यापासून त्याने डोंगरात एकही नर पाहिला नव्हता. ऐकले मात्र पुष्कळ होते, शिकारीच्या झोपडीत कांदा चिरता चिरता. यंदा रॉस मुलाकडे ब्रिस्बेनला जाऊन बसला होता आणि त्याची जागा मोकळी होती. ती जागा फर्गसला इतकी हवी होती, की टँकर चालवतानाही तो मनातल्या मनात डोंगर चढत असे.

"झोपडीत एक जण चुलीशी लागतोच," सासरेबुवांनी जाहीर केलं. "तेव्हा शनिवारी नेमबाजीच्या क्लबात ये. ज्याचा नेम चांगला तो डोंगरात, दुसरा पातेल्यापाशी. इतका न्यायी सासरा शोधून सापडायचा नाही तुला."

"मी कुठे शोधतोय, क्लिफ?"

"आणि ते दागदागिने आणू नकोस. रायफलीला काही लागत नाही. मागे माणूस लागतो."

फर्गस शनिवारी केळ्यांचं एक खोकं घेऊन हजर झाला. पाद्रीबाबांचा चाप तेवढा सोडून, ज्याने ज्याने सल्ला दिला होता, त्याच्याकडून ती ती वस्तू एका दिवसापुरती मागून आणली होती. हिशेब त्याचा साफ होता: आधी नुसती रायफल, मग एकेक वस्तू लावून तीन तीन गोळ्या. जिने नेम सुधारेल ती वस्तू घ्यायची.

क्लब म्हणजे मेंढ्या हाकलून मोकळं केलेलं कुरण. बाकीचे लोक सकाळीच उरकून गेले होते. मागे राहिली होती फक्त शाळेतली टुई बाई, जिच्या हुकुमाशिवाय तिथे कुणी बंदुकीला बोट लावत नसे. दोघांनी शंभर मीटरवर शेजारी शेजारी आपापले कागद टाचले, कोपऱ्यात पेन्सिलीने आपापली नावं घातली आणि परत आले. सासरेबुवांच्या नेम धरायच्या बाकावर कुणा पाखराने सकाळचा सगळा कारभार उरकून ठेवला होता.

"तू तरुण आहेस," असं म्हणून सासरेबुवा फर्गसच्या स्वच्छ बाकावर जाऊन बसले. फर्गसने खिशातल्या रुमालाने दुसरा बाक पुसला आणि पुसायचा राहिला त्या भागावर तो बसला.

पहिली फेरी नुसत्या रायफलीची झाली. टुईने रायफली रिकाम्या करून घेतल्या आणि सगळे चालत कागदांपाशी गेले. सासरेबुवांच्या नावाच्या कागदावर तीन भोकं, तिन्ही एका जिंजरनट बिस्किटाखाली झाकतील अशी. फर्गसच्या नावाच्या कागदावर एक वर, एक खाली आणि एक अगदी कडेला.

"हे काय, पेरणी केलीस?" सासरेबुवा म्हणाले. "टुई, बघ गं. या वयात हा नेम!"

टुईने मान हलवून भोकांवर चिकट्या लावल्या, तशा पुढे दर फेरीनंतर लावल्या.

दुसऱ्या फेरीला फर्गसने मागून आणलेली दुर्बीण चढवली. कागद इतका जवळ दिसला की हात लांबवून काढून घ्यावा. तीनही गोळ्या झकास गेल्याची त्याची खात्री होती. जाऊन बघतो तर त्याच्या कागदावर पुन्हा पेरणी. सासरेबुवांच्या कागदावर मात्र तिन्ही भोकं पुन्हा एकत्र, पण सगळा घोळका वीतभर उजवीकडे सरकलेला.

सासरेबुवांचा चेहरा गंभीर झाला. "वारा," ते म्हणाले.

"वारा कुठाय?" टुईने विचारलं. झेंडा मुकाट लोंबत होता.

"खालून वाहतो. तुम्हाला कळायचा नाही." परत येऊन त्यांनी आपल्या दुर्बिणीची चकती चांगली सात-आठ खटके डावीकडे फिरवली.

तिसऱ्या फेरीला फर्गसने आपली जुनी दुर्बीण परत चढवली आणि पुढे घोडी लावली. या खेपेला सासरेबुवांच्या कागदावरचा घोळका बरोब्बर मध्यभागी आला. "बघ! चकती फिरवली की नाही? वारा होता!" ते ओरडले. फर्गसची पेरणी मात्र अख्खी उचलून डाव्या कडेला गेली होती. म्हणजे दुर्बिणीने काही होत नाही आणि घोडी रायफलीला डावीकडे ढकलते! दुर्बीण घ्यायची, की घोडी टाळायची, की दोन्ही घेऊन एकीची खोड दुसरीने मोडायची? ब्रॉनविनचे शब्द आठवून त्याला घाम फुटला. सासरेबुवा तेवढ्यात टुईला यंदा झोपडीत काय काय शिजवायला लावणार ते सांगत होते.

चौथी फेरी सायलेन्सरची होती. तो काही केल्या बसेना. नळीचे आटे एका मापाचे, सायलेन्सरचे दुसऱ्या. फर्गसने उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला, थुंकी लावली, टुई आपल्या वर्गातल्या पोरांसमोर कधी काढणार नाही असा एक शब्द काढला. शेजारी सासरेबुवांच्या तीन गोळ्या झाल्या आणि वेळ संपली. फर्गसने रायफलीत काडतूसच घातलं नव्हतं. लाजेकाजेस्तव तोही सगळ्यांबरोबर चालत गेला.

त्याच्या कागदावर तीन भोकं होती.

तो कागदाकडे बघत राहिला. सायलेन्सर इतका चांगला असतो, की गोळी झाडावीसुद्धा लागत नाही? त्याने शेजारी पाहिलं. सासरेबुवांच्या कागदावर जुन्या चिकट्या सोडल्या तर एकही भोक नव्हतं. आणि सासरेबुवा त्या कागदासमोर टोपी काढून उभे होते.

कुरणात त्या दोघांशिवाय कुणी गोळी झाडलेली नव्हती. त्याने स्वतः तर झाडलीच नव्हती. मग ही तीन भोकं... फर्गसच्या डोक्यात पाखराने घाण केलेला बाक आला, बदललेल्या जागा आल्या, आणि बाकासमोरच्याच कागदावर सरळ झाडलेल्या सगळ्या गोळ्या आल्या. बिस्किटाखालची भोकं त्याची होती! डोंगर त्याचा होता!

तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सासरेबुवा कोरड्या आवाजात म्हणाले, "तीन झाडल्या. एकही कागदाला लागली नाही. परवाना परत करतो मी. असला माणूस डोंगरात नको." मग बाकापाशी राहिलेल्या खोक्याच्या दिशेने मान करून, टुईला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "त्यातलं... आधी काय घ्यावं म्हणतोस?"

फर्गसला वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाचा राग राग केला, तो असा टोपी हातात घेऊन आपल्यालाच सल्ला विचारील, हे त्याने कधी स्वप्नातही मागितलं नव्हतं.

"क्लिफ, आपण बाक बदलले होते. कागद नाही बदलले."

सासरेबुवांना ते उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. "म्हणजे माझ्या गोळ्या लागल्या? तुझ्या कागदावर?" ते लगबगीने तिकडे गेले, नाक टेकेल इतक्या जवळून भोकं पाहिली, आणि हळूहळू ऊन मावळलं. "ही? ही पेरणी माझी?"

"तुम्हाला इथला कागद तिथून कसा दिसतो?" फर्गसने विचारलं.

"कसा म्हणजे? पांढरा ढेपळा. दुर्बिणीतून जरा मोठा ढेपळा. सगळ्यांना तसाच दिसतो ना?"

टुईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "क्लिफर्ड," ती म्हणाली, "चष्मा लागेपर्यंत या कुरणात तुम्ही फक्त मेंढ्या हाकायच्या."

"डोळ्यांवर पैसे घालवणारा मी नव्हे," सासरेबुवा गुरगुरले, आणि ते त्यांनी खरं करून दाखवलं. पुढचे दोन दिवस ते परवान्याचा कागद दाराशी घेऊन बसले आणि लेकीशीही बोलले नाहीत.

शेवटी फर्गस त्यांना गाडीत घालून चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. संध्याकाळी ब्रॉनविनने विचारलं, "घेतलीस वस्तू?"

"घेतली."

"रायफलीला कुठे बसते ती?"

"मागे. अगदी मागे. तुझ्या बाबांच्या नाकावर."

त्या रात्री भांडी ब्रॉनविनने घासली.

पुढच्या शनिवारी चष्मा लावून सासरेबुवांनी नवा कागद टाचला, बाक दोनदा तपासला आणि तीन भोकं पाडली. तिन्ही मिळून एका बटणाखाली झाकली असती. फर्गसची बिस्किटाखालची. "न्याय म्हणजे न्याय," सासरेबुवा म्हणाले. "कांदे जास्त घे." फर्गसने कांदे जास्त घेतले. पदरचे पैसे मोजून त्याने स्वतःलाच पुन्हा चुलीशी बसवलं होतं, आणि गंमत म्हणजे यात चूक कुणाची हेही त्याला नीट सांगता आलं नसतं.

नदी ओलांडून दोघे झोपडीत पोचले तेव्हा दुपार झाली होती. फर्गसने मटण, कांदा आणि डब्यातल्या शेंगा एकत्र शिजवून पातेलं टेबलावर आणलं. दाराबाहेर, समोरच्याच उतारावर, एका नराने अशी डरकाळी फोडली की चमचे थरथरले. फर्गसचा घास हातातच राहिला. सासरेबुवा मात्र उठले नाहीत. ते ताटाकडे पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"फर्गस, हे काय आहे?"

"नेहमीचंच की."

"हे पांढरं?"

"चरबी. थोडी मेणबत्ती असेल."

"आणि हे काळे ठिपके? ही मिरपूड. तुझ्या हातच्या मिरपुडीची मी रॉसजवळ तारीफ करायचो."

"मिरपूड मी कधी आणतच नाही, क्लिफ," फर्गस म्हणाला. "ती नदीकाठची चिलटं. पातेल्यावर झाकण नाहीये ना, पडतात."

बाहेर नर पुन्हा ओरडला, आणखी जवळून. सासरेबुवांनी ताट दोन्ही हातांनी सावकाश लांब सारलं.

"रायफल घे," ते म्हणाले.

"तुमची?"

"तुझी. उतारावर जा. आत्ता. आणि आठवडाभर रोज जात जा."

"आणि चुलीशी?"

सासरेबुवा बाह्या सावरत उठले, पातेलं उचलून दाराकडे निघाले आणि उंबऱ्यात थांबले.

"हरीण नाही मिळालं तरी चालेल," ते म्हणाले, "पण माझा स्वयंपाक होईपर्यंत या झोपडीत पाऊल टाकू नकोस."