लिडियाबाईंचा जामीन

कृपादान उजागरे गुरुजींना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे बायको आणि दुसरी म्हणजे अर्ज लिहिण्याची हातोटी. शिरसवाडीत कोणाची विहीर बुजली, कोणाचं रेशनकार्ड हरवलं, कोणाच्या पोराचं नाव शाळेत चुकीचं लागलं, की अर्ज गुरुजींनीच लिहायचा. गुरुजींचा अर्ज नेवाशाच्या कचेरीतून परत आला, असं कधी झालेलं नव्हतं. म्हणून बहात्तर सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या अमेरिकन कचेरीचं लांबलचक पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून काढलं आणि त्याच बैठकीला शिकागोत असलेल्या बायकोला लिहून टाकलं, "कागदपत्रांची तू अजिबात काळजी करू नकोस. चार दिवसांत फाईल तयार करतो. कागद हा माझा प्रांत आहे!"

बायको, म्हणजे लिडियाबाई, सात वर्षं शिरसवाडीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. चौदा महिन्यांपूर्वी शिकागोच्या एका मोठ्या दवाखान्यानं त्यांना बोलावून घेतलं. तिथं कायम राहण्याचा परवाना त्यांना मिळाला होता आणि आता नवऱ्यासाठी त्यांनी तोच अर्ज केला होता. फक्त मुंबईची पायरी राहिली होती. पत्रात म्हटलं होतं की अमेरिकेत कायमचं राहायला येणारा माणूस तिथल्या सरकारवर भार होता कामा नये, तेव्हा चोवीस तारखेला आपल्या ऐपतीचे सगळे कागद घेऊन हजर व्हावं. कागदांनी साहेबाचं समाधान झालं नाही, तर अर्ज निकाली निघेल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. पहिल्यापासून म्हणजे आणखी दोन वर्षं. गुरुजींना एकट्यानं भाकरी थापायला लागून चौदा महिने झाले होते आणि अजून त्यांची भाकरी गोल होत नव्हती.

आता, आपणही चाललोय हे गुरुजींनी गावात कोणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं आणि मग परवाना नाही मिळाला, तर मारुतीच्या पारावर वर्षभर तोच विषय. शिवाय थोडी लाजही होती. नर्सबाई गेल्या, आता गुरुजीही चालले, असं गावाच्या तोंडावर म्हणायला जीभ रेटत नव्हती. सगळी गडबड झाली ती या लाजेपायी.

दुसऱ्या दिवशी गुरुजी चावडीत गेले आणि तलाठी भाऊसाहेबांकडे त्यांनी ऐपतीचा दाखला मागितला. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. त्यांची एकोणीस वर्षं नोकरी झाली होती आणि या एकोणीस वर्षांत ऐपतीचा दाखला माणसं एकाच कारणासाठी मागायची. कोणीतरी बांधावरून डोकं फोडायचं, कोणाला तरी पोलीस धरून न्यायचे आणि मग त्याला सोडवायला जामीन राहणाऱ्याला ऐपतीचा दाखला लागायचा. दुसरा काही उपयोग या दाखल्याला असतो, हे शिरसवाडीत कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"कुणासाठी?" भाऊसाहेबांनी हळूच विचारलं.

"बायकोसाठी."

"पण बाई तर अमेरिकेत."

"तिकडच्याच कामाला लागतोय."

भाऊसाहेबांनी दौत बाजूला सरकवली. प्रकरण मोठं आहे का, असं त्यांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, मोठंच आहे, चोवीस तारीख लागलीय. आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्याची आठवण आली की पुढं जन्मभर त्यांचे कान गरम व्हायचे. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "एवढं कुठं बोलू नका."

एवढं करून गुरुजी यष्टीनं नेवाशाला गेले. तिथं मामलेदार कचेरीत दोन दिवस बाकावर बसले, मग पगाराचा दाखला आणायला नगरला गेले. चार दिवसांची फाईल पाचव्या दिवशीही अर्धीच होती. जो ऐपतीचा दाखला अखेर हातात पडला, तो वाचून गुरुजी खचले. एक एकर तेरा गुंठे जमीन, पैकी निम्मी खडकाळ; दोन खोल्यांचं घर; सबब सदर इसमाची ऐपत पाचशे रुपये. चौतीस वर्षांच्या माणसाची सरकारनं केलेली ही बेरीज! साहेबाचं याच्यानं काय समाधान होणार, या विचारात ते शिरसवाडीच्या फाट्यावर उतरले.

उतरताच काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. रस्त्यानं येणाऱ्या बायकांनी पदर पुढं ओढून वाट सोडली. एका म्हाताऱ्यानं न बोलता त्यांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. घराशी तर पन्नासएक माणसं बसलेली, सगळी गप्प. असं मूक गाव गुरुजींनी फक्त कोणी गेल्यावरच पाहिलं होतं. शिकागोहून तार आली असणार, दुसरं काय?

"लिडियाचं काही..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सरपंच राधाकृष्ण पाटलांनी पुढं होऊन त्यांना धरलं. "धीर धरा, गुरुजी. सुटंल ती."

"सुटेल? कशातून?"

"आमाला समदं ठावं हाय. भाऊसाहेबांनी कुणालाच सांगितलं न्हाई, फकस्त मला सांगितलं."

आणि मग गेल्या पाच दिवसांची हकिकत गुरुजींना टप्प्याटप्प्यानं कळत गेली. पाटलांनीही कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त पाटलीणबाईंना. दुपारपर्यंत वाड्यावस्त्यांवर बातमी पोचली की नर्सबाईंना अमेरिकेत धरलं. का धरलं, यावर दोन दिवस खल चालला. कोणी म्हणालं, बाईंनी तिथल्या मोठ्या डॉक्टरला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं असेल. आणि इथं त्या जिल्ह्याच्या डॉक्टरला कशा बोलल्या होत्या ते आठवून हे सगळ्यांना पटलं. चर्चमध्ये बंदिवानांसाठी खास प्रार्थना झाली. कानिफनाथाला नारळ बोलला गेला. ग्रामपंचायतीनं ठराव केला. मग कोणीतरी मुद्द्याचं विचारलं की गुरुजींची ऐपत ती केवढी, आणि एवढ्यावर अमेरिका बाईला सोडील का?

तेव्हा छबूबाई उठली. छबूबाई म्हणजे गुरुजींच्या समोरच्या घरातली विधवा, दूध विकून जगणारी. तिची लेक पहिल्या बाळंतपणात अडली होती तेव्हा लिडियाबाई दीड दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. "माझी म्हस लावा," छबूबाई म्हणाली. "मी राहते जामीन."

त्यानंतर चावडीपुढं जी रांग लागली ती तीन दिवस हलली नाही. ज्याला जमीन होती तो सातबाऱ्याचा उतारा काढायला आला. भाऊसाहेबांचे छापील कागद संपले, नेवाशाला माणूस पाठवून आणवले, तेही संपले. आणि मग जे घडलं ते शिरसवाडीत आजही हळू आवाजात सांगतात. जमिनीच्या मर्यादेचा कायदा येणार म्हणून राधाकृष्ण पाटलांनी आपली जमीन मेव्हण्याच्या, भाच्याच्या, लांबच्या चुलत्याच्या नावावर इतकी बेमालूम पसरली होती की खुद्द त्यांच्या बायकोलाही पुरता आकडा माहीत नव्हता. ते पाटील रांगेत उभे राहिले आणि त्यांनी सगळेच्या सगळे उतारे मागितले. का, तर म्हणे अमेरिकेला कमी सांगून चालणार नाही, बाई अडकायची.

हे ऐकताना गुरुजी पारोशा चेहऱ्यानं बसून राहिले होते. मग त्यांनी खरं सांगायला घेतलं. लिडिया सुखरूप आहे, नोकरीवर आहे, तिला कोणी धरलेलं नाही. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. गुरुजींनी इंग्रजी पत्र काढून मराठीत वाचून दाखवलं. पाटील म्हणाले, "गुरुजी, आमच्या म्होरं तरी झाकू नका. घराची अब्रू हाय, आमी जाणतो." शेवटी लाज गिळून गुरुजींनी तेही सांगितलं, की मलाच तिकडं कायमचं जायचंय, त्याचे हे कागद आहेत.

"जावंच लागंल," छबूबाई म्हणाली. "बायकू तुरुंगात अन् नवरा हितं, बरं दिसतं का?"

गुरुजींनी हात टेकले. भाऊसाहेबांनी सगळे कागद गुरुजींच्या दाखल्यांसकट एकत्र घेतले, लाल नाड्यानं बांधले, वर लाख लावून मोहोर केली आणि गठ्ठा त्यांच्या हवाली केला.

मुंबईच्या गाडीत गुरुजी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. नाड्याच्या फटीतून एकेक नाव दिसत होतं. गहिनीनाथ, याच्या पोराचा घटसर्प लिडियानं ओळखला होता. रतनबाई, हिला तिनं विहिरीच्या काठावरून घरी आणलं होतं आणि त्याबद्दल लिडिया नवऱ्याशीदेखील कधी बोलली नव्हती; गुरुजींना ते रतनबाईनंच सांगितलं होतं. गावाचे एकसष्ट कागद होते. गुरुजींनी उभ्या गावाचे अर्ज लिहिले होते, पण आपल्यासाठी कोणी कागद काढील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या गठ्ठ्याकडं पाहून त्यांना धाक वाटला, खरोखरीचा धाक, देवळाच्या गाभाऱ्यात वाटतो तसा.

चोवीस तारखेला अमेरिकन कचेरीत एक उंच साहेब समोर बसला. शेजारी मराठी वाचून सांगणारे एक वयस्कर कारकून होते. कारकुनांनी लाख फोडली. साहेबानं पाचशे रुपयांचा दाखला पाहिला, भुवई उचलली आणि आणखी काय आहे असं विचारलं. गुरुजी काही बोलायच्या आत कारकुनांनी त्याखालचा कागद उचलून ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली होती. "ठराव क्रमांक सात. सदर लिडियाबाई या निर्दोष असून अमेरिका सरकारने त्यांना तुरुंगातून विनाविलंब सोडून द्यावे."

कारकुनांनी हे इंग्रजीत सांगितलं. साहेबानं हातातलं पेन खाली ठेवलं. तुमच्या पत्नीला अटक झाली आहे, हे अर्जात का लिहिलं नाही, असं त्यानं विचारलं.

दोन वर्षं गेली, असं गुरुजींना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. अर्जाची भाषा, हातोटी, सगळं त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. मग त्यांनी, वर्गात पोरं सांगतात तसं, घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. चावडी, भाऊसाहेब, कुठं बोलू नका, रांग, पाटलांची जमीन, सगळं. कारकून सांगता सांगता दोनदा थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला.

साहेब बराच वेळ कागद उलटत राहिला. मग म्हणाला, ही सगळी नातेवाईक मंडळी का?

"एकही नाही."

"तुमची पत्नी तुरुंगात नाही हे यांना सांगितलं?"

"सांगितलं साहेब. ऐकत नाहीत."

साहेब हसेल असं गुरुजींना वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं एक कागद वर धरून हे काय आहे असं विचारलं. तो जनावरांच्या डॉक्टरचा दाखला होता. म्हैस, वय सहा, रंग काळा, डावं शिंग किंचित तुटलेलं, मालकीण छबूबाई, निशाणी डावा अंगठा. साहेबानं तो कागद दोनदा ऐकून घेतला. मग साठ कागद त्यानं स्वतः पुन्हा नाड्यात बांधून गुरुजींना परत दिले, म्हशीचा दाखला तेवढा आपल्या फायलीत लावला आणि त्यावर शिक्का मारला. अशी माणसं पाठीशी असलेला मनुष्य कोणत्याही सरकारवर भार होणार नाही, असं तो म्हणाल्याचं कारकुनांनी सांगितलं. गुरुजींना तिथंच रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

गावी परतल्यावर गुरुजींनी घरोघरी जाऊन कागद परत केले. सुटली का, असं जो तो विचारत होता. पहिल्या दहा घरांत त्यांनी खरं समजावून सांगायचा प्रयत्न केला. अकराव्या घरापासून ते नुसतं "सुटली" म्हणू लागले. छबूबाईपुढं मात्र ते अपराध्यासारखे उभे राहिले. तुझा कागद साहेबानं ठेवून घेतला, असं सांगताना त्यांची मान खाली होती. छबूबाईचं तोंड उजळलं. एवढ्या पाटला-बिटलांच्या जमिनी परत आल्या आणि अमेरिकेनं ठेवून घेतली ती तिची म्हस! "नर्सबाईला सांगा," ती म्हणाली, "आता पळून जायचं न्हाई. जामीन हाय मी."

मे महिन्यात गुरुजींची निघायची तयारी झाली. आपला एक एकर तेरा गुंठे त्यांनी छबूबाईला म्हशीच्या चाऱ्यासाठी देऊन टाकला होता, कारण त्या साली चारा सोन्याच्या भावानं चालला होता. ट्रंक बांधत ते ओट्यावर बसले होते, तेव्हा घोडेगावच्या बाजारातला एक व्यापारी छबूबाईच्या दारात आला. म्हशीभोवती फिरला, दात पाहिले आणि त्यानं भलताच चांगला भाव सांगितला. छबूबाईनं मान हलवली. त्यानं भाव वाढवला.

"न्हाई इकता यायची," छबूबाई म्हणाली. "ती अमेरिकेत जामीन हाय."

शिकलेला माणूस दिसतोय म्हणून व्यापाऱ्यानं समोरच्या ओट्यावर बसलेल्या गुरुजींकडं पाहिलं.

"खरंय," गुरुजी ट्रंकेची दोरी आवळत म्हणाले. "कागद तिकडंच आहे."