मेंढरांची परवानगी घेणारे दफेदार

वाटेत मेंढरं आली की दफेदार घोडी थांबवून विचारत, "आवं, येऊ का?" मेंढपाळाला नव्हे, मेंढरांना. आटपाडीच्या फाट्यावर एकदा त्यांनी एसटीलाही विचारलं होतं.

फौजेतून निवृत्त होऊन माण तालुक्यातल्या गावी परतलेला हा माणूस लांब पल्ल्याच्या घोडदौडीला नव्याने येणाऱ्यांना वाटेवरची रीत शिकवायचा. "वाट आपल्या एकट्याची न्हाई," हे दिवसातून वीसदा. पहिले आठ दिवस तर घोडाच नाही. अंगणात आम्हीच घोडे. एकामागे एक चालायचं, मध्ये घोडाभर अंतर, पुढे जायचं तर आधी हाक द्यायची. कऱ्हाडचे एक निवृत्त बँक मॅनेजर माझ्या फारच जवळ आले, तेव्हा दफेदारांनी मला शांतपणे सांगितलं, की आता लाथ मारायला हरकत नाही.

मी तेव्हा जेमतेम बावन्न वर्षांची, म्हणजे अक्कल यायची होती. गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून आरशासमोर नसलेली तलवार उपसायचे. नातवंडांना हे अजून सांगितलेलं नाही.

पहिल्याच मोठ्या फेरीत माळावरच्या हौदाशी सगळे थांबलो. शेवटच्या घोड्याचं पाणी पिऊन होईस्तोवर कुणी हलायचं नाही, ही रीत मला तोंडपाठ होती. पण पहिलं पोहोचायची हाव मोठी. माझ्या घोड्याचं पिऊन झालं, तशी मी टाच मारून सुटले. दफेदारांच्या म्हाताऱ्या घोडीनं, मैनेनं, नुकतं तोंड खाली घातलं होतं. सोबतचा घोडा पळाला म्हटल्यावर ती त्यांच्या हातातला लगाम हिसडून, तहानलेलीच माझ्यामागे धावली. मागून टापा ऐकून मला आणखीच चेव चढला. बऱ्याच वेळानं वळून बघते, तर मैनेचं खोगीर रिकामं.

तिला धरून परत आणली, तेव्हा ती घामानं निथळत होती. मान खाली, पाण्याला तोंड लावेना. अशा उन्हात असं जनावर दगावतं, हेही मला त्यांनीच शिकवलेलं. सगळे आपापले घोडे धरून उभे. दफेदार तिच्या मानेशी उभे राहिले. पाण्यावर आणलेल्या बैलांनी प्यावं म्हणून घालतात तशी शीळ घालू लागले. पण ती फुटेना. ओठ थरथरत होते.

"बाई, तुमी घाला."

लहानपणी शीळ घालते म्हणून मी आईचा मार खाल्लेला. ती विद्या त्या दिवशी कामी आली. गाल दुखेपर्यंत घातली. कधीतरी मैनेचा कान हलला. मग एक घोट. मग हौदाचं पाणी दिसण्याइतकं उतरायला लागलं, आणि मी तिथेच कठड्यावर बसले.

ती पिऊन पुरती धाली, तेव्हा बाकीचे चालीचालीनं पुढे निघाले. दफेदार खाली बसले, पिशवीतून भाकरी काढली. कोणत्या तोंडानं थांबायचं म्हणून मी उठले. त्यांचा हात भाकरीवरच थांबला.

"बसा की जरा. एकट्याला जेवान जात न्हाई मला. घरी हिच्या दावणीशीच बसतो."

मी बसले. त्यांनी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, ठेचा दोघांच्या मध्ये सरकवला, आणि माझा घास तोंडात गेल्यावर आपला मोडला.