नायगाऱ्याकडे पाठ

या देशात मी सगळ्यात जास्त ऋणी कोणाचा असेन तर दत्ताकाका बेहेऱ्यांचा. आणि दत्ताकाका बेहेरे हे नायगाऱ्याच्या धबधब्याकडे पाठ करून उभे राहणारे जगातले एकमेव गृहस्थ आहेत.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माणसं भिजत होती, किंचाळत होती, फोटो काढत होती. काका मात्र कठड्याला पाठ टेकवून नदीच्या खालच्या अंगाला बोट दाखवत होते. "तिकडे बघा! पाणी काय, तुमच्या नळालाही येतं. अठराशे बाराची लढाई तिथं झाली!"

काका ओहायोतल्या डब्लिनचे. एका विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळून रिटायर झालेले. मी दिग्रसचा, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. अमेरिकेत येऊन वर्ष होतं न होतं तोच कंपनीनं मला काढलं. तेव्हा काकांनी मला आपल्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं. भाडं घेतलं नाही. रोज जेवताना अठराशे बारा मात्र ऐकावं लागे.

"भिकारडी लढाई!" काका आमटी ओरपत म्हणत. "इंग्रज या अमेरिकनांच्या जहाजांवरचे खलाशी पळवायचे, व्यापार अडवायचे, म्हणून यांनी युद्ध पुकारलं. व्यापाराचा तो हुकूम मागे घ्यायचं इंग्रजांनी आधीच ठरवलं होतं! पण बातमी जहाजातून येणार ना? शेवटी तह झाला, तर त्याचीही बातमी पोचली नाही. तहानंतरची लढाई हे जिंकले आणि तिचेच पोवाडे गातात! यांची राजधानी जळाली ती जळालीच."

"मग जिंकलं कोण, काका?"

"वाचन शून्य!" हा त्यांचा आवडता शेरा. "अमेरिकनांना वाटतं आपण जिंकलो. कॅनडावाल्यांना वाटतं आपण. इंग्रज तर विसरूनच गेले. हरले ते इथले मूळचे लोक. त्यांची जमीन गेली, आणि त्या जमिनीवर आता आपण गवत कापतो."

मराठी मंडळात काकांना सगळे टाळत. उन्हाळ्यात कोणाचे आईवडील भारतातून आले, की काका स्वतःहून त्यांना नायगाऱ्याला नेत. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं. तरी लोक म्हणत, "नको यार, सहा तास लेक्चर!" वाटेत बफेलो आलं की काका गाडी हळू करून सांगत, "हे गाव इंग्रजांनी जाळलं होतं." मागच्या सीटवरची मंडळी तोवर झोपलेली असत.

पण सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. काकांची एकुलती एक मुलगी अदिती नदीपलीकडे, कॅनडात, अर्ध्या तासावर राहत होती. तिनं तिथल्या एका बेकरीवाल्याशी लग्न केलं. "पीएच.डी. सोडून पाव विकते!" असं म्हणून काका लग्नाला गेले नाहीत, आणि त्यानंतर तिच्याशी बोललेही नाहीत. काकू रविवारी तिला फोन करत. तेवढ्या वेळात काका बेसमेंटमध्ये जाऊन बसत. दर उन्हाळ्यात नदीपर्यंत यायचं आणि अलीकडूनच परत फिरायचं. असल्या शूर इतिहासतज्ज्ञाची मला मनातून कीव यायची.

पुढे माझी आई आली आणि आमचीही वारी निघाली. काका नेहमीच्या जागी, नेहमीच्या तोऱ्यात उभे राहिले.

"आक्का, अमेरिकन सैनिकांची पहिली तुकडी नदी ओलांडून गेली. टेकडी चढली. आता मागून कुमक हवी. तर अलीकडे उभे होते ते शिपाई म्हणाले, आमची नोकरी सरहद्दीपर्यंत! आम्ही पलीकडे जाणार नाही!"

"मंग पलीकडच्यांचं काय झालं हो भाऊ?"

"काही मेले. बाकीचे पकडले गेले."

"अन् हे इकडून पाहातच राह्यले?"

"पाहातच राहिले! भित्रे लेकाचे!"

आईनं पदरानं तोंडावरचे तुषार पुसले. काकूंनी तिला सगळं सांगितलेलं होतं. "मंग तुमी काहून पाहात राह्यले भाऊ?"

'वाचन शून्य' येईल म्हणून मी वाट पाहिली. काकांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि ते कॅनडात जाणाऱ्या पुलाकडे चालायला लागले. त्या काळी अमेरिकन नागरिकाला लायसन्स दाखवून पलीकडे जाता येई. आम्हाला व्हिसा लागायचा, म्हणून आम्ही अलीकडेच थांबलो. पुलावर त्यांची टोपी लहान होत गेली. आई हात जोडून उभी होती.

तासाभरानं टोपी परत आली.

"काय झालं, काका?"

"अधिकाऱ्यानं विचारलं, कोणाकडे? म्हटलं, मुलीकडे. म्हणाला, कुठे राहते?" काकांनी माझ्याकडून किल्ली घेतली. "दोनशे वर्षांपूर्वीच्या पलटणीचा तळ मी तुला पावलं मोजून दाखवीन, गजानन. पण त्याला काय सांगणार? म्हटलं, चुकून आलो."

परतताना बफेलोला गाडी हळू झाली नाही.

पुढे मला टेक्सासमध्ये, अर्विंगला नोकरी लागली. तिथून मी काकांना हे पत्र पाठवलं:

ती. स्वरूप दत्ताकाकांस सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. ऊन दिग्रससारखंच आहे. सोबतच्या कागदावर अदितीचा पत्ता आहे. काकूंवर रागावू नका, मीच मागून घेतला. अक्षर मोठं काढलं आहे, म्हणजे अधिकाऱ्यासमोर चष्मा शोधावा लागणार नाही. मी तिला फोन केला होता. विचारलं, बाबा आले तर? ती म्हणाली, "मंडेला बेकरी बंद असते."

तेव्हा सोमवारी जा.

तुमचा,
गजानन