वळणावरचा भोंगा

आमच्या अणदूरचे भीमामामा पायी चालताना वळणावर भोंगा वाजवायचे. तोंडानं नव्हे. रबरी फुग्याचा खराखुरा पितळी भोंगा त्यांच्या डाव्या काखेत असायचा. वळण आलं की भोंगा दोनदा दाबायचा, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढायचा, मागं बघायचं आणि मगच वळायचं. उताराला पावलं आखडती घ्यायची, कारण "उताराला गेर बारका पायजे." एकदा म्हसोबाच्या वळणावर सोलापूरची सर्व्हिस मोटार पाव तास त्यांच्या मागं उभी होती, कारण मामांनी साइड दिली नव्हती. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला. तो पाया पडला की भांडला, याबद्दल गावात दोन मतं आहेत. मी पाया पडला असंच सांगतो. मी तिथं शाळामास्तर होतो, आणि मास्तरानं खोटं बोलू नये; वाढवून सांगायला मनाई नाही.

मामा मुळात ट्रक-ड्रायव्हर. गावातल्या शेंगांच्या व्यापाऱ्याचा, म्हणजे शेठचा, ट्रक त्यांच्याकडं होता. त्या ट्रकला ब्रेक आहे असं शेठ म्हणायचा. मामा म्हणायचे, "हाय की. चढ हाय तवर ब्रेक हाय." मामांना बायको-पोर नव्हतं. ट्रकला आंघोळ घालायची, कपाळाला हळद लावायची आणि रात्री त्याच्याच टपावर झोपायचं, एवढा संसार.

आणि शिंदी. निजामाच्या राज्यात शिंदीचं दुकान शाळेच्या आधी उघडायचं आणि तिथली हजेरी माझ्या शाळेपेक्षा बरी असायची. मामांच्या मते शिंदी दारूत मोडतच नव्हती. "झाडाचं दूध हाय मास्तर. म्हशीचं दूध पिऊन कुनाला पोलिसानं धरलंय का?" मग निजाम गेला, राज्यं बदलली, आम्ही मुंबईला जोडले गेलो, दारूबंदी आली. शिंदीची झाडं जागच्या जागीच राहिली आणि त्यांच्याखाली मामाही.

एका दुपारी नळदुर्गाकडून शेंगांची पोती आणताना मामांनी झाडाचं दूध अंमळ जास्त घेतलं आणि म्हसोबाच्या वळणावर ट्रक बाभळीला लावला. तीन पोती उडून बाभळीवर बसली. ती काढायला कुणी चढलं नाही, आणि पुढल्या सालात त्या बाभळीला भुईमूग लागला, असं सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. वाटेत त्या वळणाशी रान कसणाऱ्या गंगूआक्काची बैलजोडी आली होती, त्यातला एक बैल गेला. पण गाव हसत होतं ते पोत्यांना. मीही त्यात होतो.

तालुक्याच्या कोर्टात मामांबरोबर मी गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "दारू पिऊन ट्रक चालवला?"

"न्हाय साहेब. शिंदी."

"शिंदीनं डोकं फिरत नाही?"

"फिरतंय साहेब, पर जागच्या जागी. जात्यावानी."

साहेब हसले नाहीत. त्यांनी दंड केला, लायसन एक वर्ष जमा करून घेतलं आणि बजावलं, "वर्षभर मोटारीच्या चाकाला हात लावायचा नाही. पुन्हा असा सापडलास तर लायसन कायमचं जाईल, वर तुरुंग." मामा म्हणाले, "लेखी द्या."

इथं आमच्या गावची एक गोष्ट सांगितली पाहिजे. अणदूरचा खंडोबा वर्षातले काही आठवडे नळदुर्गाकडं राहायला जातो, आणि त्याच्या जाण्या-येण्याचा दोन्हीकडच्या मानकऱ्यांत दर साली लेखी करार होतो. त्यामुळं मामांचं म्हणणं असं, की देव जिथं कागदाबाहेर जात नाही, तिथं भीमानं जायचं म्हणजे काय. उलट मामा कागदाच्याही पुढं गेले. साहेबांनी फक्त मोटार सांगितली होती. बैलगाडी, सायकल, रहाट हे मामांनी स्वतःच्या अंगावर जोडून घेतलं. "साहेबाला समद्या चाकांची म्हायती नसंल," म्हणाले. शेजारणीनं जात्याला हात लावायला सांगितलं, तर तेही नाही. आणि त्याच दिवशी ट्रकचा भोंगा खोलून त्यांनी काखेत घेतला. शिंदी सुटली ती अशी, की झाडाखालून जायची वेळ आली तर मामा शेताशेतांतून वळसा घालत. अर्थात वळताना हात दाखवून.

शेठनं खूप समजावलं. "भीमा, पहाटे आडवाटेनं ने गाडी. तिथं कोण बघायला बसलंय?"

"म्या बसलोय की," मामा म्हणाले.

शेठनं कपाळाला हात लावला. वर्षभर त्यानं भाड्याचे ट्रक वापरले, पण शेवटी निर्वाणीचं सांगितलं : "लायसन मिळेल त्या दिवशी दिवेलागणीच्या आत ते घेऊन माझ्या दारात यायचं. नाही आलास, तर दुसऱ्या दिवसापासून सोलापूरचा ड्रायव्हर. त्याला सांगून ठेवलंय." हे ऐकून मामांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. ट्रक गेला म्हणजे त्यांचं घरच गेलं.

त्या सगळ्या वर्षात मामा रोज सकाळी भोंगा घेऊन गावाबाहेर जायचे. कुठं, म्हटलं की "डुटीवर." आठवडाबाजारात याच्यावर पैजा लागल्या. कुणी म्हणे गुप्तधन, कुणी म्हणे बाई. वर्ष भरायला दोन दिवस उरले असताना रविवार आला, आणि मी एका फर्लांगावरून त्यांच्या मागं निघालो. म्हसोबाच्या वळणावर भोंगा वाजला. मामा रस्ता सोडून गंगूआक्काच्या ज्वारीत शिरले. मी बांधाआड बसलो.

तिथं तण काढायचं कोळपं जुंपलेलं होतं. जुवाच्या एका बाजूला आक्काचा उरलेला बैल, सर्जा. मामांनी भोंगा बांधावर ठेवला, डोक्याचा पटका सोडून खांद्यावर घडी घातली आणि जुवाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. मागून आक्का म्हणाली, "हूं." आणि ते दोघं चालू लागले. ज्वारीची ओळ संपली तसा वळायच्या आधी मामांचा उजवा हात बाहेर आला.

"हात कुनाला दावतुस मुडद्या," आक्का म्हणाली. "हितं मागं मीच हाय."

"आक्का, त्या दिशी दावला न्हवता," मामा म्हणाले. "भोंगाबी वाजवला न्हवता."

उठावं तर दिसेन, म्हणून बसून राहिलो. पण मास्तराचा पांढरा सदरा ज्वारीत लपत नाही. मामा जवळ आले. घामानं निथळत होते. "मास्तर, गावात बोलू नगा. निम्मं रान ऱ्हायलंय. परवा लायसन मिळतंय, आन शेठ तर एक दिस थांबत न्हाय. सर्जाला एकट्याला टाकून कसा जाऊ?"

"जा रं," आक्का मागून म्हणाली. "बैल म्हनून तू कवाच कामाचा न्हवतास. पाऊल वाकडं टाकतुस. सर्जाबी कटाळलाय."

मास्तराकडं बैल नसतो. पण मास्तराला मेहुणा असतो आणि त्याच्याकडं बैल असतो. माझ्या मेहुण्याकडून वस्तू कशी काढावी लागते हे दुसऱ्या एका पुस्तकाचं काम आहे. एवढंच सांगतो की तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जाशेजारी चार पायांचा जोडीदार होता, आणि मामा भोंगा वाजवीत तालुक्याला चालले होते. दिवेलागणीच्या जरा आधी ते शेठच्या दारात उभे राहिले. लायसन पटक्यात गुंडाळून डोक्यावर बांधलं होतं.

पहिल्या खेपेला मी शेजारी बसलो होतो. भोंगा परत ट्रकला बसवला होता. म्हसोबाचं वळण आलं आणि मामांनी ट्रक थांबवला. इंजन बंद केलं. भोंगा खोलला, खाली उतरले, वाजवीत पायी पायी वळणाच्या टोकाला गेले आणि हात बाहेर काढून उभे राहिले.

पलीकडं रानात आक्का कोळपं धरून होती. तिनं बैल थांबवले, मान वर करून पाहिलं आणि आपला हात उंच करून पुढं हलवला : ये.

मग मामा परत आले, भोंगा बसवला आणि गाडी काढली. पुढं ती रान कसत होती तोवर, दर खेपेला, तसंच. शेठ उशिराबद्दल कुरकुर करायचा. मामा म्हणायचे, "साइड मिळाल्याबिगर कसं जाऊ?"