आईसाहेबांचे स्टिअरिंग जड जाहले त्याची हकीकत

गाडी एक, चाके चार आणि घरांत शहाणे तीन, ऐसियांत काय अनर्थ जाहला तो जैसा घडला तैसा लिहितो. वाचणारांनी हसू आवरावे. आम्हांस आवरले नाही, ती गोष्ट अलाहिदा.

आईसाहेब खुद्द गाडी हाकीत, चिरंजीव दूधपिते होते तेव्हांपासोन. चावी कमरेस असे, आणि ती कमरेस असेतोंवर घरांत कोणाची मिजास चालत नसे. मग आईसाहेबांचे वाढदिवशी चिरंजीवांचे मनांत आले की गाडीस रुबाब यावा, आणि त्यांनी रुंद, चकचकीत चाके नजर केली. दुकानदाराने बजाविले की यांचा ऑफसेट कमी, म्हणजे बोल्ट आवळायची जागा आंत आणि चाक दोन बोटे अंगाबाहेर. चिरंजीव बोलिले, "बाहेर यावं म्हणूनच तर घेतोय!" जुनी चाके आईसाहेबांचे यजमान आबासाहेब यांनी तत्काळ काबीज केली. एकावर बागेचा पाइप गुंडाळिला आणि बाकी तिहींवर कुंड्या मांडोन अंमल बसविला.

दुसरे दिवसापासोन गाडीने बंड मांडिले. वळण घ्यावे तो स्टिअरिंग हलेना, रस्त्यांत चाकोरी लागली की गाडी आपले मतें तिकडेच धावे, आणि एक चाक खड्ड्यांत गेले की हातांस ऐसा हिसका बसे की आईसाहेबांचा चष्मा नाकाचे शेंड्यावर उतरे. त्यांनी तक्रार गुदरली. चिरंजीवांनी जबाब दिधला, "आई, नाचता येईना अंगण वाकडं! वय झालं तुझं." आबासाहेबांनी मलमाची डबी रवाना केली. मग आईसाहेब रोज खांदा चोळीत, घरभर मलमाचा वास सुटे आणि गाडी तैशीच अडे. एके सकाळी फाटकाचे खांबास गाडी घासली. आईसाहेबांनी चावी काढोन टेबलावर ठेविली आणि फर्मान काढिले की आजपासोन आमची स्वारी पायी. चहा निवाला तरी कोणी कपास हात लाविला नाही. आम्हांस लिहितानाही वाईट वाटते.

मग दैव फिरले, म्हणजे मावशीसाहेबांचा पाय मुरगळला. त्यांची गाडी त्याच जातीची, परंतु चाके मूळचीच. दवाखान्यांत नेणारे दुसरे कोणी नव्हते, सबब आईसाहेब जीव मुठीत धरोन बसल्या, आणि पहिल्याच वळणावर स्टिअरिंग एका हाताने फिरले. "अगं बया!" ऐसा उद्गार निघाला, तो ऐकोन मावशीसाहेब पाय विसरल्या.

मावशीसाहेबांचे पायास पट्टी बांधविली आणि मग आईसाहेबांनी आपल्या गाडीचे जड स्टिअरिंग ओढीत ओढीत गॅरेजवर चाल केली. मिस्त्रींपुढे संशय मांडिला की दुखणे खांद्याचे नव्हे, चाकांचे. मिस्त्रींनी वाकोन पाहिले आणि दुजोरा दिधला: भरली बादली अंगालगत धरावी तर हलकी, हात लांबवोन धरावी तर जड, तैसेच हे चाक वळवणाऱ्या सांध्यापासोन लांब गेले, आता रस्ता त्यास लांबून ओढतो आणि तो ओढा थेट बाईंचे हातांत येतो.

आईसाहेबांनी घरी येवोन चिरंजीवांस पाचारिले. "मेल्या, अंगणच वाकडं होतं! आणि मी आपली म्हातारी झाले समजून रडत बसले." चिरंजीव पाना घेवोन तत्काळ बागेकडे धावले. परंतु जुनी चाके सोडविणे सोपे नव्हते. आबासाहेब पाइप सोडीनात, कुंड्यांस हात लावू देईनात, आणि दारांत खुर्ची टाकोन बसले. अखेर तह जाहला की रुंद चाके बागेकडे वर्ग व्हावी. त्यांवर पाइप अधिक मावतो हे पाहोन आबासाहेब संतुष्ट जाहले आणि तहाची बोलणी आपणच केली ऐसे सांगत सुटले. सर्व चाके इकडोन तिकडे वाहण्याची सजा चिरंजीवांस जाहली.

संध्याकाळी चावी पुन्हा कमरेस गेली. आईसाहेबांनी एका हाताने गाडी फाटकांतून सफाईने काढिली, खांबास धक्का नाही. मोहीम फत्ते जाहली, ऐसे येथे नमूद केले असे. चिरंजीव पायरीवर खांदा धरोन कण्हत होते. आईसाहेबांनी गाडी थांबविली, मलमाची डबी खिडकीतून त्यांचे मांडीवर टाकिली, "वय झालं रे तुझं," म्हणाल्या, आणि वळण घेवोन निघोन गेल्या.