हरल्यावर एक तास

शैलेंद्र मोहरील पत्त्यांत हरला की अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्याच्या टाउनहाउसमधली भांडी घासली जात. थोडं हरला तर भांडी, बरंच हरला तर बाथरूम, आणि हातात दोन एक्के असताना फडतूस पानं घेऊन बसलेल्या कुणाकडून मार खाल्ला तर थेट गराज. उन्हाळाभर तो इतक्या सातत्याने हरला की शेजारच्या अमेरिकन बाईने त्याच्या बायकोला, हिमानीला, काळजीने विचारलं, "घर विकायला काढलंय का?"

हे पत्ते हातात धरायचे नव्हते, कॉम्प्युटरवरचे होते. साल २००५. टीव्ही लावला की गॉगल घातलेली माणसं पोकर खेळताना दिसत, आणि रिसर्च ट्रँगल पार्क या शेजारच्या कंपन्यांच्या वसाहतीतल्या निम्म्या प्रोग्रॅमरांना वाटे की आपल्यात फक्त गॉगलचीच कमी आहे. शैलेंद्र सर्वांत खालच्या टेबलांवर, पाच-दहा सेंटचे डाव खेळायचा. त्यात घरदार बुडायची भीती नव्हती, पण अब्रू रोज बुडत होती. नागपूरला दिवाळीच्या तीनपत्तीत ज्याने सगळ्या मामांना रडवलं, त्याला 'पोटॅटोकिंग' नावाचा कुणी अनोळखी माणूस रोज लुटत होता. हे सहन होईना म्हणून त्याने रीतसर कोच लावला.

कोचचं नाव ट्रॅव्हिस. ओहायोतल्या कुठल्याशा कॉलेजातला एकवीस वर्षांचा मुलगा. शैलेंद्र त्याला 'सर' म्हणायचा, कारण फी घेणाऱ्या माणसाला नावाने हाक मारायला त्याची जीभ वळत नव्हती. सरांनी पहिल्याच शिकवणीत निदान केलं. शैलेंद्रची पानं बरी असतात, डोकं बरं नसतं. हरला की तो चिडतो, आणि चिडला की वाटेल त्या पानांवर पैसे लावतो. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. आपल्याकडे इरेला पेटणं म्हणतात, आणि त्याची फी पडत नाही.

उपाय म्हणून सरांनी दोन नियम घालून दिले. मोठा डाव हरलास की तिथल्या तिथे उठायचं आणि एक तास हातांनी काहीतरी काम करायचं. आणि जिंकत असशील तर उठायचं नाही.

सरांच्या मनात बहुधा व्यायाम वगैरे असावा. पण शैलेंद्रला डंबेल्सपेक्षा कढई जवळ होती. डिशवॉशर होता, पण बहुतेक मराठी घरांप्रमाणे त्यात दह्याचे रिकामे डबे ठेवलेले असत. त्यामुळे हातांना काम भरपूर होतं. हिमानी आधी "जुगार तो जुगार" म्हणून दोन आठवडे भांडली. मग तिने बाथरूम बघितलं आणि भांडण मागे घेतलं.

"आज कसं झालं रे?" ती आताशा आशेने विचारी.

"नको विचारू यार. सगळं बरोबर खेळलो आणि शेवटच्या पानावर गेलं. सर म्हणतात, निर्णय बरोबर होता, निकालाकडे बघू नकोस."

"अरेरे," हिमानी मनापासून म्हणे. "मग कार्पेट व्हॅक्यूम होईल ना?"

या भरभराटीच्या काळात हिमानीने पुण्याला आईला फोन केला आणि न राहवून सांगून टाकलं, "आई, घरातलं सगळं शैलेंद्र करतो." यात तिने खोटं काही सांगितलं नव्हतं, फक्त कारण सांगितलं नव्हतं.

हिमानीची आई, शोभनाताई आगाशे, म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लेकीने स्वतः निवडलेला हा नागपूरचा ऐसपैस जावई त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हता. लग्नाला पाच वर्षं झाली तरी त्या त्याला 'शैलेंद्रराव' आणि 'तुम्ही'च म्हणत. त्या मानात प्रेमापेक्षा अंतरच जास्त होतं, आणि ते हिमानीला फार लागे. एकदा, निदान एकदा, आईने "चांगला आहे गं" म्हणावं एवढंच तिला हवं होतं.

"स्वतः बघितल्याशिवाय मी मार्क देत नाही," आई म्हणाली. "ऑक्टोबरात येतेच आहे मी."

अर्थात घरात शंका असली तरी बाहेर कौतुक करायला कुणाची हरकत नसते. शोभनाताईंची शाळेतली जुनी सहकारी रेखा सध्या कॅरीतच मुलाकडे राहत होती. गेली कित्येक वर्षं ती आपल्या जावयाचे पोवाडे गात असे. शोभनाताईंनी तिला लगेच फोन लावून ऐकवलं, "माझा जावई घरातलं सगळं करतो हो!"

आणि मग सरांची शिकवणी नेमकी शोभनाताईंच्या विमानाबरोबर उतरली. शैलेंद्र जिंकायला लागला.

रोज जिंकायला लागला. ऑफिसातून आला की खुर्चीत बसे तो जेवायलाच उठे. सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर झाला. गराजमध्ये गाडी मावेना. शोभनाताईंनी आल्या दिवशीच शाळेतल्या बाकावरून फिरवत तसं फ्रिजवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि ते पदराला पुसलं.

"शैलेंद्रराव ऑफिसातून आले की पुन्हा ऑफिसच?" एवढंच त्यांनी विचारलं.

"डेडलाइन आहे आई. प्रोजेक्टची."

"आणि घरातलं सगळं?"

"ते… वीकेंडला."

हिमानीने नवऱ्याला बेडरूममध्ये गाठलं. "शैलेंद्र, आई आलीय. थोडं तरी हर ना!"

"हरू कसा? सर म्हणतात, माझा गेम आता बसलाय."

"मग न हरता घास भांडी."

"घासतो ना, संडेला. आत्ता नको यार, लय तुटते."

"शनिवारी रेखामावशी चहाला येतेय!"

"बाप्पा!" शैलेंद्र म्हणाला आणि जिंकायला निघून गेला.

शनिवारी सकाळी तो गाडीचं ऑइल बदलायला गेला. हिमानीने एकदा सिंककडे बघितलं, एकदा घड्याळाकडे आणि मग कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. हिशेब सरळ होता. शैलेंद्रचं खातं बुडवायचं. घरी आल्यावर रिकामं खातं दिसलं की त्याचं डोकं फिरेल, डोकं फिरलं की तो ओट्याकडे वळेल, आणि चार वाजता रेखामावशीला चकचकीत घर दिसेल. लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरलेल्या माणसाचा पासवर्ड तिची जन्मतारीख निघाला. क्षणभर तिला भरून आलं. मग तिने त्याचं खातं बुडवायला घेतलं.

समोरचे सगळे पैसे एका डावात लावता येतात एवढं तिला पाहून पाहून माहीत होतं. तिने पानं न बघता सगळे लावले. बाकीचे घाबरले, पानं टाकून मोकळे झाले. डाव तिला मिळाला. तिने पुन्हा सगळे लावले. पुन्हा मिळाला. तिसऱ्यांदा कुणीतरी हिंमत करून आडवा आला. हिमानीकडे नव्वी आणि चव्वी होती, म्हणजे हरायला अगदी योग्य पानं. टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पानांत दोन नव्व्या उघडल्या, तिच्या तीन झाल्या आणि पैसे दुप्पट झाले. तेवढ्यात लांबून डाव बघणाऱ्या ट्रॅव्हिसचा कोपऱ्यात मेसेज आला, "आज पहिल्यांदा माणसासारखा खेळतोयस. ही हिंमत इतके दिवस कुठे होती?"

"हे ऑफिसचं काम का?" मागून आवाज आला. शोभनाताई हातात मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या.

हिमानी रडकुंडीला आली होतीच. तिने सगळं सांगून टाकलं. पोकर, सर, नियम, भांडी, सगळं. "तू त्याला एकदा तरी चांगलं म्हणावंस म्हणून चाललंय गं हे! आणि आज हरायला बसले तर हरताही येत नाहीये."

शोभनाताईंनी घड्याळाकडे बघितलं. लेकीच्या रडण्यापेक्षा त्यांना चार वाजता येणारी रेखा जास्त स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी मेथी बाजूला ठेवली.

"सरक," त्या म्हणाल्या. "मी जन्मात पत्ते खेळले नाही. माझ्याइतकं सहज कुणी हरणार नाही. आधी नियम सांग."

तिथेच चूक झाली. नियम समजून घेतल्यावर मुद्दाम चुकीचं उत्तर देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांत त्या चष्मा नाकावर ओढून टेबलावरच्या मंडळींकडे मागच्या बाकावरच्या मुलींकडे बघावं तसं बघू लागल्या.

"हा कोण बटाटेवाला? हा खोटं बोलतोय."

"तुला काय माहीत आई?"

"हातात काही नसलं की लगेच उत्तर देतो. ज्या मुलीचा अभ्यास झालेला नसतो, तिचाच हात आधी वर येतो. लाव पैसे."

पैसे लावले. पोटॅटोकिंगने पळ काढला.

दुपारी शैलेंद्र परतला तेव्हा त्याच्या खुर्चीत सासूबाई होत्या, आणि पोटॅटोकिंगला लुटायचं जे काम त्याला तीन महिन्यांत जमलं नव्हतं ते त्यांनी तीन तासांत केलेलं होतं. तो रागवायचं विसरला. स्टूल ओढून मागे बसला. "आई, हे पान कसं काय ओळखलंत?" असं विचारू लागला. जेवण राहिलं. मेथी सुकली. हिमानीने दोनदा चहाची आठवण करून दिली, पण दोघांनीही "श्श" केलं.

आणि मग शोभनाताईंना दोन एक्के आले.

याहून मोठी पानं नाहीत, हे त्यांना एव्हाना माहीत होतं. त्यांनी सगळे पैसे लावले. पोटॅटोकिंगही लावून मोकळा झाला. त्याच्याकडे निघाली सत्ती आणि दुर्री. शोभनाताई चक्क हसल्या. टेबलावर एक सत्ती उघडली. मग शेवटच्या पानाला आणखी एक. तीन सत्त्यांपुढे दोन एक्के पडले.

"कॉपी केली याने!" शोभनाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "याला सोडणार नाही मी! लाव पुन्हा पैसे! सगळे लाव!"

शैलेंद्रला ती अवस्था चांगलीच ओळखीची होती. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, आता उठायचं. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"सरांचा. हरल्यावर एक तास हातांनी काम करायचं."

दुसरं कुणाचं नाव घेतलं असतं तर चाललं नसतं. पण शोभनाताईंनी आयुष्यभर मुलींना नियम शिकवले होते. त्यांनी एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा सिंककडे. पदर खोचला आणि ओट्याकडे गेल्या. शैलेंद्र ओशाळून मागे धावला.

"आई, तुम्ही नका, मी घासतो ना!"

"हात लावायचा नाही! हरलेय कोण, तुम्ही की मी? बसा तिकडे!"

तो सोफ्यावर जाऊन बसला. त्याच क्षणी बेल वाजली. चार वाजले होते.

रेखामावशी मुलाला घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. शोभना आगाशे कोपरापर्यंत फेसात हात घालून करपलेली कढई खरवडत होती. जावई सोफ्यावर पाय जुळवून बसला होता.

"काय गं शोभना," रेखामावशी सावकाश म्हणाल्या. आवाजात साखर होती. "तू तर म्हणाली होतीस, जावई घरातलं सगळं करतो."

हिमानीला पुढचं दिसू लागलं. आई आता खरं बोलणार, कारण आई नेहमी खरंच बोलते.

शोभनाताईंनी उत्तर द्यायची घाई केली नाही. कढई विसळली. पालथी घातली. हात पुसले. मग वळून शांतपणे म्हणाल्या, "करतोच. रोज तोच करतो. आज म्हटलं, एक दिवस मला करू दे, तर ऐकेना बाई. शेवटी ओरडून बसवलाय त्याला. चांगला आहे गं पोरगा."

रेखामावशींनी शोभनाताईंच्या चेहऱ्याकडे रोखून बघितलं. तिथे काहीच सापडलं नाही. मग शैलेंद्रकडे बघितलं. तीन महिने सर ज्याच्यासाठी डोकं फोडत होते ते त्याला आज जमलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"नशीब काढलंस हो," रेखामावशी शेवटी म्हणाल्या, आणि मुलाकडे वळून करवादल्या, "बघ! शिक जरा काहीतरी!"

पाहुण्यांना मागचं अंगण दाखवायला हिमानी पुढे झाली. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. पाच वर्षं जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं, आणि ते सपशेल थापेच्या शेवटी आलं होतं. ते तरी खरं का, हे कुणाला विचारावं असा तिला प्रश्न पडला. तेवढ्यात मागून आईचा दबका आवाज आला.

"शैलेंद्र, झाला का रे तास?"

हिमानी दारातच थांबली. राव गेला होता. तुम्हीही गेलं होतं.

शैलेंद्रने घड्याळ बघितलं. "नाही आई. अजून पन्नास मिनिटं."

"बरं," शोभनाताई म्हणाल्या आणि त्यांनी तवा पुढे ओढला. "तोवर तो बटाटेवाला कुठे जात नाही ना, बघत बस."